खांद्याच्या वर

आमगाव, १० फेब्रुवारी २०२५

दादा,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच : माय बरी आहे.

आता दुसरं. बाबूजींना लकवा झाला. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. सकाळी मिलमध्ये मशीनचा पट्टा चढवत होते, तो हातातून सुटला. पुन्हा धरायला गेले तर हात उठेचना. धान भरडायला आलेल्या लोकांनी त्यांना कोंड्याच्या पोत्यांवर निजवलं आणि तिथूनच गोंदियाला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही म्हणून उजवं अंग गेलं, असं डॉक्टर म्हणाले.

आता घरी आणलं आहे. पाय ओढत का होईना, काठी घेऊन चालतात. बोलणं जवळजवळ गेलं. ‘हो’, ‘नको’ आणि ‘हे’ एवढंच उरलंय. मिल चालू असताना ज्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा, त्यांच्याजवळ आता तीन शब्द. उजवा हात मात्र पूर्ण गेला आहे, खांद्यापासून नुसता लोंबतो. सदरा घालताना आपणच तो उचलून बाहीत सारायचा. इतका जड असतो दादा, की पहिल्या दिवशी मी घाबरले. रोज बाह्या शिवते मी, पण बाहीच्या आत जे असतं त्याला एवढं वजन असतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या गुंड्या काढून चिकटपट्टी लावून दिली आहे.

तुझा पत्ता तुझ्या दोस्ताने, ओमेशने दिला. आधी देत नव्हता, तू शपथ घातलीस म्हणे. त्याच्या बायकोचा लग्नात घालायचा ब्लाऊज माझ्या दुकानात शिवून तयार होता, तो मी अडवून धरला, तेव्हा दिला. नंबर तरीही नाही दिला. म्हणाला, “फोन केला तर तो सिम फेकून देईल. पत्र लिही. पत्र फेकलं तरी वाचून फेकेल.”

तू ये, असं मी लिहिणार नाही. तू घर सोडल्यापासून आठ वर्षांत ओमेशकडूनही तसा निरोप कधी धाडला नाही, आताही नाही. त्या संध्याकाळी मी तिथंच होते.

एक मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल दुपारी माय त्यांना पेज भरवत होती. मी समोर बसून काज करत होते. बाबूजींना जांभई आली. मोठी, डोळे मिटून. आणि जांभई येताना तो मेलेला हात मांडीवरून उठला. आपोआप. कोपरात वाकत वाकत छातीच्याही वर आला, क्षणभर तिथं थांबला, आणि जांभई संपली तसा खाली आला. कुणी दोरीने ओढावा तसा. मी सुई टोचून घेतली. मायही दचकली, वाटी पडली.

नंतर बाबूजींनी तो हात हलवायचा इतका प्रयत्न केला की कपाळाला घाम फुटला. बोटसुद्धा हललं नाही. म्हणजे हात आहे आत कुठंतरी. फक्त बोलावल्यावर येत नाही.

तुझी
दुर्गा


आमगाव, ३ मार्च २०२५

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. “ज्या हातानं मायले मारलं तो हात बरा कायले करून राहिली?”

कार्ड मायला दाखवलं नाही. मी काही विसरले नाही, एवढं मात्र समजून घे. मामाच्या मुलीच्या लग्नाला जाऊ का, असं मायने दुसऱ्यांदा विचारलं, एवढाच तिचा गुन्हा. पहिली चापट बसली. दुसऱ्या वेळेला हात वर गेला आणि तू तो वरच धरलास. या घरात तो हात कुणी धरला असेल तर तो तूच, पहिल्यांदा आणि शेवटचा. “या घरात एकच हात चालते,” म्हणाले बाबूजी, आणि तू चपला घालून निघालास. मी तेव्हा एकोणीसची होते. तुझ्या मागे फाटकापर्यंत आले होते, तुला ते माहीत नसेल.

तरी मी त्यांना दर सोमवारी आणि शुक्रवारी गाडीने गोंदियाला नेते. तिथं समीक्षा मेश्राम म्हणून फिजिओथेरपिस्ट आहे, नवेगाव बांधची, माझ्याहून थोडी मोठी. लकव्यातून सावरणाऱ्या मोठ्या माणसांचा हात किती आणि कसा हलतो हे मोजायचं काम ती करते. पहिल्याच दिवशी बाबूजींना म्हणाली, “काका, हा हात मले उसना द्या. सांभाळून वापस करतो.” बाबूजी कुणाचं ऐकत नाहीत, तुला माहीत आहे. पण त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून तिच्या टेबलावर ठेवून दिला.

तिथं जे पाहिलं ते तुला कसं सांगू. मी मापाचा धंदा करणारी बाई. मुंढा, दंड, बाहीची लांबी, सगळं माझ्या टेपमध्ये. पण ते सगळं थांबलेल्या हाताचं. हलत्या हाताचंही माप असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

आधी ती पट्ट्याने पाठ खुर्चीला बांधते. का, तर हात पोचत नसला की माणूस पाठ पुढे झुकवतो, खांदा उचलतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हातच लांब झाला. पाठीची मदत काढून घेतली की खरं कळतं. मग कंपासपेटीतल्यासारखा, पण दोन लांब पायांचा कोनमापक खांद्याला लावते, कोपराला लावते. मग एका खोक्यातले लाकडी ठोकळे मधली फळी ओलांडून पलीकडे टाकायचे. बाबूजींनी एकही टाकला नाही. हात ठोकळ्यावर ठेवून बसून राहिले.

शेवटी ती खांद्यावर, कोपरावर, मनगटावर टिकल्या चिकटवते, कॅमेरा लावते, आणि हात ज्या वाटेने गेला ती वाट पडद्यावर उमटते. बाबूजींची बोटं ग्लासपर्यंत गेलीच नाहीत, पण जेवढी गेली तेवढी वाट तुटक, वेडीवाकडी, जागोजागी थांबलेली. मला वाईट वाटलं हे समीक्षाला दिसलं असावं. म्हणाली, “तुम्ही बसा. तुमचा हात पाहू.”

मी ग्लास उचलला. नेहमीसारखा. तिने पडद्यावर सावकाश करून दाखवलं. दादा, हात निघताना हळू निघतो, मध्यावर सगळ्यात वेगात असतो, आणि पोचायच्या आधी आपणहून वेग कमी करतो. बोटं तर ग्लासला लागायच्या कितीतरी आधी, वाटेतच, त्या ग्लासच्या मापाची उघडतात. पेला मोठा असला तर जास्त, टाचणी असली तर कमी. मी कधी शिकले हे? कुणी शिकवलं? जन्मापासून माझ्या अंगात एवढी मोठी कारागिरी चालू आहे आणि मी आपली सुईत दोरा ओवते आहे.

परतताना गाडीत मी सगळ्यांचे हात बघत होते. एक बाई पोराला केळं सोलून देत होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

दुर्गा


आमगाव, २१ एप्रिल २०२५

दादा,

तू उत्तर पाठवलं नाहीस, पण पत्र परतही आलं नाही. लिहीत राहते.

हात यायला लागला. एकदम नाही. आधी खांदा. मग टेबलावर पालथा हात पुढे सरकवता यायला लागला, कुणी इस्त्री फिरवावी तसा. मग कोपर उघडलं. होळी झाल्यावर एका शुक्रवारी त्यांनी पहिला ठोकळा फळीवरून पलीकडे टाकला. तो पडल्याचा ‘टक’ असा आवाज झाला आणि बाजूच्या खाटेवरची तिरोड्याची एक आजारी बाई, जिचा स्वतःचा हात कुशीत बांधलेला होता, ती म्हणाली, “वा वा!” बाबूजी लाजले. त्यांना लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मागच्या आठवड्यात, पाठ बांधलेली असताना, हात खांद्याइतका वर गेला. थरथरत, पण गेला. समीक्षाने कोनमापक लावला आणि मला दाखवला, जसं काही मीच परीक्षेत पास झाले.

मग तिने दोन्ही मनगटांना दोन पट्टे बांधले. घड्याळासारखे, पण तबकडी नसलेले. आठवडाभर घरी घालून ठेवायचे. म्हणाली, “इथं माझ्यासमोर हात काय करू शकते ते मी मोजलं. घरी तो खरंच काय करते, ते हे पट्टे सांगतील. दोन्ही वेगळ्या गोष्टी हायेत.” आणि तिने हेही सांगितलं की धडधाकट माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखेच हलतात. आपण म्हणतो उजवा कामाचा, डावा बिनकामाचा. तसं नसतं. एक कापतो तेव्हा दुसरा धरतो. दिवस संपला की दोघांची बेरीज सारखी येते.

आठवड्याने तिने पट्टे काढून कॉम्प्युटरला लावले. डाव्या हाताची रेघ दिवसभर उसळलेली. उजव्याची जवळजवळ सपाट. तिने दोन्ही रेघांवर बोट फिरवलं.

“काका, इथं हात खांद्यापर्यंत जाते. घरी मांडीवरून उठत नाही. काऊन?”

बाबूजींनी डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर घेतला.

“दुखते का?”

“नको,” म्हणाले. त्यांना ‘नाही’ म्हणायचं असलं तरी ‘नको’च येतं.

त्या सपाट रेघेत रोज दुपारी एक छोटा उंचवटा होता. समीक्षाला तो कशाचा ते कळेना. मला लगेच कळलं. दुपारी माय शेजारी पापड लाटायला जाते. ती घरात नसते तेवढाच वेळ हात हलतो.

आता पहिल्या पत्रात मी जे नीट लिहिलं नाही ते लिहिते. त्या जांभईच्या दिवशी माय नुसती दचकली नव्हती. हात छातीच्या वर आला तसं तिने वाटी टाकली, मान खांद्यात घेतली आणि दोन्ही हात तोंडासमोर धरले. एका क्षणात. जांभईने उठलेला हात होता तो, बाबूजींना ठाऊकही नव्हतं. पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर ती तशी बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. मग पुन्हा तिच्याकडे. त्या दिवसापासून माय जवळ आली की ते उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरतात.

मी समीक्षाला बाहेर व्हरांड्यात नेऊन हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, आईला समजावा, थोडी हिंमत करायला सांगा. ती म्हणाली, “मग हे हाताचं दुखणं नाही. आणि काकूले मी काहीच सांगणार नाही. हात मोजायचा हाये म्हणून बाईनं भिणं सोडावं, असं कुठं असते का?”

एवढं बोलून ती आत गेली आणि पुढच्या माणसाची पाठ बांधायला लागली.

दुर्गा


आमगाव, १९ जून २०२५

दादा,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं.

मी मायला काही सांगणार नव्हते. तिनेच विचारलं. “ती समीक्षा काय म्हणे? पट्ट्यात काय निघालं?” मला खोटं सांगता आलं नाही. सांगितलं. ऐकून ती चुलीजवळून उठली, भांडी घासली, कोंबड्या झाकल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ओसरीतल्या खुंटीला बाबूजींचा खांद्यावरचा दुपट्टा अडकवला. ती खुंटी उंच आहे, तुला माहीत आहे, बाबूजींच्या कपाळाच्या रेषेत येते. मग खुंटीच्या बरोबर खाली पोत्याचा बोरा अंथरला, सूप घेतलं, आणि भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडायला बसली. तोंड बाबूजींकडे.

म्हणाली, “दुपट्टा काढा. उजव्या हातानं.”

बाबूजी काठी टेकत जवळ आले आणि थांबले. हात वर नेला तर तो तिच्या तोंडावरूनच जाणार होता.

मी म्हटलं, “माय, तू थोडी बाजूला बस ना.”

“तू चूप राह्य. मी इथंच बसतो. मागून नाही, बाजूनं नाही. मले हात दिसला पाहिजे.”

त्यांनी हात उचलायला सुरुवात केली. पोटापर्यंत आला, छातीपर्यंत आला, आणि मायचे डोळे मिटले. मान खाली गेली. सूप कलंडलं, तांदूळ सांडले. बाबूजींनी हात झटकन खाली घेतला. “नको,” म्हणाले.

मायने तांदूळ गोळा केले. “पुन्हा.”

“नको. नको.”

तिने वर पाहिलं. आवाज चढवला नाही, दादा. भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात म्हणाली, “मी नको म्हणो, तवा थांबत होते का?”

बाबूजींचं तोंड हललं, पण त्यांच्याजवळ होते ते तीनही शब्द तिथं उपयोगाचे नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं. मायने त्याची दखल घेतली नाही. सूप मांडीवर नीट घेतलं, दोन्ही हातांनी त्याच्या कडा धरल्या आणि म्हणाली, “पुन्हा.”

हात उठला. मी त्या क्लिनिकमध्ये बसून बसून हाताच्या वाटा ओळखायला शिकले आहे. खांदा वर चढत होता, समीक्षा ज्याला लबाडी म्हणते ती. मग तो खाली बसला. कोपर उघडायला लागलं. हात तिच्या गालाच्या रेषेत आला. तिने डोळे मिटले नाहीत. पापण्या फडफडत होत्या पण मिटल्या नाहीत. सुपातले तांदूळ आपोआप नाचत होते, इतके तिचे हात थरथरत होते. वरचा हातही तसाच थरथरत होता. दोघांत कोण जास्त, ते सांगता आलं नसतं. हात तिच्या डोळ्यांसमोरून गेला, कपाळासमोरून गेला, केसांच्या वर गेला. बोटं उघडली. वाटेतच उघडली, दादा, मी पाहिलं. दुपट्ट्याला लागली. पकड बसली नाही, आणि दुपट्टा सुटून मायच्या डोक्यावर पडला.

ती तशीच बसून राहिली, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. मग तिने तो काढला, घडी घातली, उठून खुंटीला अडकवला, पुन्हा खाली बसली.

“पुन्हा.”

तेव्हापासून रोज सकाळी हे चालतं. झाडलोट झाली की माय बोरा घेऊन खुंटीखाली बसते. काही दिवशी जमतं. काही दिवशी तिची मान अजूनही खाली जाते. ज्या दिवशी मान जाते त्या दिवशी बाबूजी चहा पीत नाहीत, हे मायच्या लक्षात आलं आहे. म्हणून आता ती चहा आधी देते.

मला राग येतो. कुणाचा ते कळत नाही. ज्याने मारलं त्याच्या हातासाठी हिनेच रोज जीव मुठीत धरून बसायचं? एका सकाळी मी ते तिला बोलूनही दाखवलं. आणि तुझं कार्ड, जे मी कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवलं होतं, तेही वाचून दाखवलं. आता तरी तिला कळावं की तिच्या बाजूचं कुणी आहे.

ती हसली. तुझं अक्षर अजून तसंच बारीक आहे म्हणाली. मग म्हणाली, “त्याच्या हातासाठी मी कायले बसू? तो त्याचा हात बरा करून राहिला, मी माझी मान बरी करून राहिली. इतकी वर्षं ही मान खाली घालून फिरलो मी या घरात. तो खाटेवर पडला तरी मान खालीच. मरून जाईन तरी खालीच राहील, असं वाटे. आता तो रोज माझ्यासमोर हात वर करते, अन् मी पाहून राहतो.”

“म्हणजे माफ केलं?”

“माफीचं मले इचारू नको. ते माझं मी पाहीन.”

आणि तुला असं लिही म्हणाली : तू तो हात धरला होता ते मी विसरली नाही. पण धरून धरून तू तरी किती दिस धरशील.

दुर्गा


आमगाव, १४ सप्टेंबर २०२५

दादा,

तू परत पोचला असशील.

तू येशील असं मला खरंच वाटलं नव्हतं. शुक्रवारी समीक्षा ठोकळ्यांचं खोकं मांडत होती आणि दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. मला आधी वाटलं औषध कंपनीचा माणूस. तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?

बाबूजींनी तुला माझ्या आधी ओळखलं. त्यांच्या हातात ठोकळा होता, फळीच्या बरोबर वर. तो तिथंच थांबला. समीक्षाला तू कोण ते माहीत नव्हतं, ती म्हणत राहिली, “काका, वेळ चालू हाये, टाका.” त्यांनी टाकला नाही. वेळ संपला. तेव्हा तिने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “आजचं हे माप मी धरणार नाही.” तू बाहेर गेल्यावर तिने मला विचारलं, हा तुमचा भाऊ का. मी हो म्हटलं.

गाडीत तू माझ्याशी बोललास ते मी कुणाला सांगितलेलं नाही. “मी यांले भेटायले नाही आलो. माय खरंच तिथं बसते का, ते पाहायले आलो.” ठीक आहे. पाहिलंस.

सकाळी तू ओसरीच्या दारात उभा होतास. तुझ्या मुठी मला दिसत होत्या. बाबूजींचा हात मायच्या तोंडासमोर आला तसा तू एक पाऊल पुढे टाकलंस, आणि मायने मान न वळवता म्हटलं, “तिथंच थांब, भुपेन.” मग हात वर गेला, दुपट्टा आला, आणि मायने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. तू बोअरवर जाऊन किती वेळ तोंड धूत होतास. मायला वाटलं पाणी संपवतोस.

तुझ्या जागी मी असते तर बाबूजींशी बोलले असते की नाही, मला सांगता येत नाही. तू बोलला नाहीस. मायच्या पाया पडलास. माझ्या डोक्यावर टपली मारलीस. बाबूजी दारात काठी धरून उभे होते, त्यांच्यासमोर तू थांबलास. तुझी नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. त्यांनी तो लगेच काखेत घेतला. मग तू ऑटोत बसलास.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं सांगायला हे पत्र.

ऑटो वळणावर गेला तेव्हा बाबूजी दारातून अंगणात उतरले. एकटेच. पायरी ते कुणाला धरल्याशिवाय उतरत नाहीत. माय मागोमाग गेली आणि त्यांच्या उजव्या बाजूला, अगदी लागून उभी राहिली. मी ओसरीत होते. मला दोघांच्या पाठी दिसत होत्या.

त्यांचा उजवा हात काखेतून निघाला. तिथं खुंटी नव्हती. समीक्षा नव्हती, कुणी ‘पुन्हा’ म्हणालं नव्हतं. मनगटाला पट्टाही नव्हता, त्यामुळे हे कुठल्याच रेघेत येणार नाही. हात सरळ वर जायला लागला. छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, आणि मग खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, इतका वर की क्लिनिकमध्येही कधी गेला नव्हता. कोपर पूर्ण उघडलं. बोटं उघडली. तळवा रस्त्याकडे करून तो हात तिथं उभा राहिला. आपण गाडीत बसलेल्या माणसाला करतो तसा. तुझा ऑटो दिसेनासा होऊन गेला होता. तरी हात उभाच होता. थरथरतही नव्हता.

मी मायकडे पाहत होते. हात अगदी तिच्या कानाजवळून वर गेला होता. खाली आला असता तर तिच्या खांद्याला लागूनच आला असता.

तिने त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही, दादा. मान वर होती तिची. ती रस्त्याकडे बघत होती.

तुझी
दुर्गा